रिकामं भांडं परत करत नाहीत

फौजेच्या कुठल्याही युनिटमध्ये जा, मेसमध्ये एक काचेचं कपाट असतंच, आणि त्यात ढाली असतातच. गुळगुळीत पॉलिश केलेली लाकडी पाटी, तिच्यावर पितळेचा पत्रा, पत्र्यावर युनिटचं निशाण आणि खाली आभाराची एक ओळ. कोणी दिली, कशासाठी दिली, हे जाणणारा माणूस दोन बदल्यांपूर्वीच निघून गेलेला असतो. माजी सैनिक वाचकांना यातलं काही सांगायला नको. त्यांच्यापैकी निम्म्यांच्या पोटमाळ्यावर अशा ढालींचं एक खोकं असेल, आणि 'यांचं काय करायचं?' असं घरातून किमान दोनदा विचारलं गेलं असेल.

या ढालींबद्दल माझं एक मत बनलेलं आहे, आणि ते बनायला पंधरा वर्षं लागली आहेत. पूर, भूकंप, दरड अशा आपत्तीत फौज मदतीला जाते. काम संपल्यावर लोकांना काहीतरी द्यायचं असतं. त्यांनी आपल्या हातांनी, आपल्या मातीतून केलेलं काही दिलं तर ते घ्यावं. 'अहो, हे आमचं कर्तव्यच होतं' म्हणून परतवून लावू नये. आणि आपल्याला कोणाचे आभार मानायचे असतील तेव्हा बाजारातली ढाल न देता त्या भागातल्या कुंभाराकडे जावं. ऐकायला किरकोळ वाटतं. मला ते किरकोळ वाटत नाही, का ते सांगतो.

2010च्या ऑगस्टमध्ये मी लेहमध्ये होतो, नवा मेजर. लेहला वर्षभरात जेमतेम 10 सेंटिमीटर पाऊस पडतो. तिथली घरं त्याच हिशेबाने बांधलेली: उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा, वर लाकडं, गवत आणि माती. 5 ऑगस्टच्या रात्री ढगफुटी झाली आणि डोंगरावरून पाणी आलं नाही, चिखल आला. दगडगोटे पोटात घेऊन आलेला, भिंतीइतका उंच चिखल. चोगलमसर, साबू, लेहचं बसस्टँड, सरकारी इस्पितळ सगळं त्याखाली गेलं. इस्पितळच चिखलाने भरल्यामुळे जखमींना फौजेच्या इस्पितळात आणावं लागलं. दोनशेहून जास्त माणसं गेली. पलीकडे तुर्तुकच्या बाजूला आमचेही जवान त्या रात्री वाहून गेले.

चिखल उपसण्याबद्दल फारसं लिहीत नाही. ज्याने केलंय त्याला ठाऊक आहे, ज्याने केलं नाही त्याला सांगून कळत नाही. एवढंच सांगतो की दोन-तीन दिवसांत तो सिमेंटसारखा घट्ट होतो. मग फावडं चालत नाही, पहार लागते. आणि पहार जपून मारावी लागते, कारण आत काय आहे ते माहीत नसतं.

चोगलमसरमधल्या एका घराचं अंगण आणि खालची खोली आमच्या आठ जणांच्या तुकडीने मोकळी केली. घरात एक म्हातारे गृहस्थ होते. लडाखमध्ये आजोबांना 'मेमे' म्हणतात, आणि मानाने हाक मारायची तर 'मेमेले'. तर हे मेमेले आम्हाला काम करू देत, मात्र अंगणातला चिखल नाल्यात टाकू देत नसत. एका कोपऱ्यात ढीग करायला लावत. आम्हाला वाटलं, विटा पाडायच्या असतील.

ऑक्टोबरात ते आमच्या कॅम्पच्या गेटवर आले. बरोबर एक पोतं, पोत्यात गवत, गवतात सहा वाट्या. जाड काठाच्या, काळपट तांबूस, एकही दुसरीसारखी नाही. प्रत्येक वाटीत वाळवलेले जर्दाळू. लडाख स्काउट्सचा एक नाईक दुभाष्या म्हणून उभा होता, त्याने सांगितलं ते असं: मेमेलेंची सासुरवाडी लिकिरची. लिकिर हे लेहच्या पश्चिमेला साधारण पन्नास-साठ किलोमीटरवरचं गाव. तिथे थोडी घरं अजून मातीची भांडी करतात. मेमेलेंनी अंगणातला चिखल पोत्यात भरून तिकडे नेला, गाळला, तिथली चिकण माती त्यात मिसळली, मेव्हण्याच्या घरी वाट्या केल्या आणि शेणाच्या गोवऱ्यांत भाजल्या. केल्या होत्या आठ, माणशी एक. दोन भाजताना तडकल्या. त्या दोन वाट्यांबद्दल ते पुन्हापुन्हा माफी मागत होते.

आमच्यातला एक जवान, सातारकडचा, मला हळूच म्हणाला, "साहेब, आपल्या लंगरचा डाळभात त्यांच्या घरी गेला होता ना. ते भांडं भरून परत करतायत."

मला अजूनही या विषयावर त्याच्यापेक्षा नेमकं काही सुचलेलं नाही. शेजारणीने वाटीभर आमटी पाठवली तर ती वाटी आपल्याकडे रिकामी परत जात नाही. घरात काही नसलं तर चमचाभर साखर तरी जाते. साखरेला महत्त्व नसतं. वाटी रिकामी गेली तर ती भीक झाली, भरून गेली तर शेजार झाला. आपत्तीत सापडलेल्या माणसाचं घर जातं, गुरं जातात, कागदपत्रं जातात, हे पंचनाम्यात येतं. त्याची वाटी भरून परत करण्याची ऐपत जाते, हे कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. महिनोन् महिने तो नुसता घेणारा होऊन बसतो. रांगेत उभं राहून ब्लँकेट घे, अंगठा देऊन तांदूळ घे, फोटोसाठी हसून चेक घे. पहिल्या आठवड्यात त्याला त्याचं काही वाटत नाही, जीव वाचलेला असतो. तिसऱ्या महिन्यात वाटायला लागतं. माणूस चिडका होतो, मदत करणाऱ्यावरच खेकसतो, आणि आपले लोक म्हणतात, 'बघा, यांना कितीही द्या, किंमत नाही.' किंमत आहे म्हणूनच तो चिडलेला असतो.

माझे एक ज्येष्ठ स्नेही आहेत, निवृत्त कर्नल, माझ्या आधी बऱ्याच वर्षांनी खडकवासल्याहून पास झालेले. त्यांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, फौजेने आभाराची वाटच पाहू नये. आलो, काम केलं, गेलो. शिवाय वर्दीतल्या माणसाने भेटी घेण्याला नियम आहेत आणि ते असायलाच हवेत. दुसरा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. महागाची वस्तू, कंत्राटदाराने दिलेली वस्तू, ज्याचं आपल्याकडे काम अडलंय त्याने दिलेली वस्तू, हिला हातही लावू नये. पण गाळाची वाटी ही या जातीची भेट नाही. तिला बाजारात दहा रुपये येणार नाहीत आणि ती देणाऱ्याचं आपल्याकडे काही अडलेलं नाही, उलट ते होऊन गेलेलं आहे. पहिल्या मुद्द्याबद्दल मी त्यांना एवढंच म्हणालो की सर, वाट न पाहणं वेगळं आणि दारात आलेल्याला रिकाम्या वाटीनिशी परत पाठवणं वेगळं. पहिला संयम आहे. दुसऱ्यात थोडी घमेंड आहे, आपणच कायम देणारे राहण्याची. ते हसले, पण पटलं असं म्हणाले नाहीत. असो.

लोकांना आभार मानायला कोणी शिकवावं लागत नाही, ते आपला मार्ग काढतात. 2018च्या केरळच्या पुरात नौदलाच्या हेलिकॉप्टरने कोचीजवळ एका घराच्या गच्चीवरून दोन बायकांना उचललं. पाणी थोडं ओसरल्यावर त्याच गच्चीवर वरून दिसेल एवढ्या मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'थँक्स' रंगवलेलं होतं. 2019च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या पुरात बोटीतल्या जवानाच्या पाया पडणाऱ्या बाईंची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. (ती पाहून आमच्या मेसमधले सगळे गप्प झाले होते. आईच्या वयाच्या बाईने पाया पडावं हे कोणालाच झेपणारं नव्हतं.) 2024मध्ये वायनाडला दरड कोसळल्यावर मद्रास इंजिनिअर ग्रुपने चुरलमला इथे 190 फुटांचा बेली पूल उभा केला. मेजर सीता शेळके या आपल्या नगर जिल्ह्यातल्या अधिकारी त्या कामावर होत्या, त्यामुळे मराठी वर्तमानपत्रांतही त्याचं बरंच आलं. तेव्हा तिथल्या तिसरीतल्या एका मुलाने फौजेला वहीच्या कागदावर पत्र लिहिलं आणि फौजेने त्याला जाहीर उत्तर दिलं. ते उत्तर देणं मला पूल बांधण्याच्या खालोखाल महत्त्वाचं वाटतं. वाटी घेतली गेली.

चिखलातून वस्तू करण्याचं सगळ्यात शहाणं उदाहरणही मला केरळातलंच वाटतं, आणि त्यात माती नाही, कापड आहे. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या चेंदमंगलमच्या विणकरांचा ओणमसाठी तयार करून ठेवलेला माल 2018च्या पुरात चिखलाने बरबटला. जाळून टाकायच्या बेतात असलेल्या त्या साड्या काही लोकांनी धुऊन, जंतू मारून, कापून त्यांच्या बोटभर बाहुल्या केल्या. नाव 'चेकुट्टी', म्हणजे चिखलाचं पोर. एका साडीतून साधारण 360 बाहुल्या निघत आणि एकीची किंमत 25 रुपये. विकता न येणारी साडी अखंड साडीपेक्षा कितीतरी जास्त पैसे देऊन गेली, आणि ते पैसे विणकरांकडे गेले. डाग लपवले नाहीत हे त्यातलं मर्म. आणि ते दान नव्हतं, विक्री होती, हे दुसरं.

आता मातीबद्दल. हे वाचून कोणी उत्साही तरुण अधिकारी पुराचा गाळ पोत्यात भरून कुंभाराकडे धावणार असेल तर त्याने थोडं थांबावं. गाळ म्हणजे चिकणमाती नव्हे. पूर उतरताना जड रेती आधी बसते, मग पोयटा, आणि सगळ्यात बारीक चिकण शेवटी, पाणी जिथे थबकलं तिथे. जमीन वाळल्यावर जिचे पापुद्रे तडकून कडेने वर वळतात, ती माती पाहावी. ती मूठभर भिजवून करंगळीएवढी वळी करावी आणि बोटाभोवती गुंडाळावी. तुटली तर वाळू जास्त आहे. टिकली तर पाण्यात कालवून, खडा खाली बसू देऊन, वरचं दाट पाणी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि निवळू द्यायचं. आपले कुंभार नुसत्या चिकण मातीचं भांडं करत नाहीत, तीत राख, घोड्याची लीद मिसळतात. लीद भट्टीत जळून जाते आणि बारीक छिद्रं ठेवते. भांडं तडकायचं वाचतं, माठातलं पाणी थंड होतं. मेमेलेंनी लिकिरची माती मिसळली ती उलट्या कारणाने, त्यांच्या अंगणातल्या चिखलात खर जास्त होती आणि चिकटपणा कमी.

शहरातला गाळ असेल तर तो खाण्यापिण्याच्या भांड्यासाठी वापरूच नये. त्यात गटार असतं, पेट्रोलपंपाचं तेल असतं, कारखान्याचं काय काय असतं. जंतू भट्टीत मरतात, शिसं मरत नाही. पणती करा, कुंडी करा. जपानमध्ये फुकुशिमा भागातल्या ओबोरी गावात घोड्याचं चित्र असलेली, निळसर लेपाची भांडी पिढ्यान् पिढ्या होत. 2011च्या अणुदुर्घटनेनंतर त्या कुंभारांना गाव सोडावं लागलं. लेपासाठी लागणारा दगड त्यांच्याच परिसरातला, आणि किरणोत्सारामुळे तो वापरणं शक्य राहिलं नाही. तसा लेप दुसऱ्या द्रव्यांपासून नव्याने जुळवावा लागला. गावाची माती गावाला कायमची परकी होऊ शकते, हेही आपत्तीत घडतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती तपमानाची नाही. माळीण आठवा. 30 जुलै 2014, आंबेगाव तालुक्यातलं ते गाव डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं दगावली. (बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला वायनाडची दरड कोसळली.) तिथली माती घेऊन कोणी पेले केले असते तर? मला विचाराल तर मी तो पेला हातात धरला नसता. जिथे माणसं सापडली, किंवा सापडलीच नाहीत, ती जागा माती आणण्याची नाही. किल्लारीचा भूकंप झाला, 1993चा, तेव्हा मी शाळेत होतो. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, त्याच मातीने झोपेत हजारो माणसांवर घाला घातला. त्यानंतर तिकडच्या कित्येकांना मातीचं घर डोळ्यासमोर नको झालं. बाहेरून आलेल्या कलाकाराने अशा गावात जाऊन 'या मातीतून काही सुंदर घडवू या' म्हणणं हा मला सरळसरळ उद्धटपणा वाटतो. माती कोणती, किती दिवसांनी, तिचं काय करायचं आणि कोणाला द्यायचं, हे त्या घरातलाच माणूस ठरवील. मेमेलेंनी नाल्यात न टाकलेला चिखल त्यांच्या स्वतःच्या अंगणातला होता. त्या अंगणात कोणी गेलं नव्हतं. शेजारच्या घरात गेले होते, आणि तिथली मूठभरही माती त्यांनी घेतली नव्हती. हे त्या नाईकाने मला नंतर सांगितलं.

सध्या माझं पोस्टिंग आसामात आहे. इथे पूर ही बातमी नसते, ऋतू असतो. माजुली बेटावर सालमोरा म्हणून कुंभारांचं गाव आहे. तिथल्या बायका फिरत्या चाकाविना, हाताने थापून थापून मडकी घडवतात. माती खणणं, भाजणं आणि होडीतून माल विकायला नेणं हे पुरुषांचं काम. पूर्वी मडक्यांच्या बदल्यात भात मिळे. माती नदीकाठची, खोल खणून काढलेली. आणि ब्रह्मपुत्रा तोच काठ वर्षानुवर्षं खात आलेली आहे. शंभर वर्षांत माजुली निम्म्याहून कमी उरली. काठ वाचवायचा म्हणून माती खणण्यावर निर्बंध आले. कुंभार म्हणतात, नदी एका रात्रीत नेते तेवढं आम्ही जन्मभर खणत नाही. दोघांचंही म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. म्हणून कुंभाराला कामाची ऑर्डर देताना माती कुठली आणणार हे विचारणं आपलं काम आहे, आणि तो सांगेल तो भाव देणं हेही.

भावाबद्दल जरा स्पष्टच लिहितो. आपण ढालीला सातशे-आठशे रुपये मोजतो आणि घासाघीस करत नाही, कारण दुकानदार पक्कं बिल देतो. कुंभाराने एका पेल्याचे साठ सांगितले की चाळीसला मागतो. बलुतेदारीच्या काळात संक्रांतीची सुगडं घेताना तरी त्याच्या पदरात धान्य पडत होतं. बिलाची अडचण खरी आहे, पण ती सोडवता येते. युनिटच्या फंडातून छोट्या खरेदीची व्यवस्था प्रत्येक सीओकडे असते आणि साध्या सही-पावतीवर काम होतं. मी दोन युनिटमध्ये केलेलं आहे, ऑडिटमध्ये कोणी हरकत घेतली नाही.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे एक कार्यक्रम आहे. या पावसाळ्यात आमच्या बोटींबरोबर स्वतःच्या होड्या घेऊन उतरलेल्या जवळच्या दोन गावांतल्या नावाड्यांचे आभार मानायचे आहेत. ढाली छापायला टाकायच्या का, असं ॲडज्युटंटने विचारलं. आम्ही 80 पेल्यांची ऑर्डर दिली, इथल्याच एका कुंभाराला. माती त्याच्या स्वतःच्या शेतात पुराने आणून टाकलेली, त्याला तशीही ती उपसायचीच होती. युनिटचं निशाण नको, नाव नको, असं सांगितलं. त्याने निम्मे पैसे आगाऊ मागितले, ते दिले. तारीख मात्र त्याने आमच्या कार्यक्रमानंतरची सांगितली. दमट हवेत माल नीट वाळल्याशिवाय भट्टीत घालणार नाही म्हणाला. कार्यक्रम दहा दिवस पुढे ढकलला आहे. दहा-बारा पेले भट्टीत जातील असा त्याचा अंदाज आहे, म्हणून तो मुळातच 95 करतो आहे.